धाकट्या आईची तसबीर

ती जिना चढून चित्रकाराच्या खोलीत शिरली तेव्हा पावसानं तिचे दोन्ही खांदे भिजले होते. काका खाली गाडी लावायला जागा शोधत होता. चित्रकारानं वर न बघताच तिच्या हातात एक पांढरा पुठ्ठा दिला.

"हा धरा खिडकीपाशी. उजेड कसा पडतो बघू. बाईसाहेब येतीलच."

"कोण बाईसाहेब?"

"त्या धाकट्या आई. चेहऱ्यावर तेज हवंय म्हणे... नसलं तर माझ्या पदरचं घालायचं."

"मग जरा जास्तच घाला," ती म्हणाली. "कालपासून सर्दी झालीय."

त्याचा चेहरा असा उतरला, की तिला हसू आवरेना. आजी गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. आजीला लोक थोरली आई म्हणत. तिच्या एका शब्दावर सगळ्या भागातली मतं फिरत. तिच्यामागं काकानं तेविशीतल्या नातीला गादीवर बसवलं होतं. यंदा तो स्वतः निवडणुकीला उभा होता, आणि त्याआधी घरोघरी धाकट्या आईची छापील तसबीर पोचायला हवी होती.

आठ बैठका झाल्या. काका खालच्या छापखान्यात कागद निवडत बसे, आणि वर 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"हात जरा वर... आशीर्वाद देतेयस, बस थांबवत नाहीयेस."

"दुखतोय. चित्र संपव ना लवकर."

"संपलं की तू यायची बंद होशील."

सहाव्या बैठकीला तिच्या मनगटावर रंगाचा थेंब उडाला. त्यानं तो अंगठ्यानं पुसला... आणि हात सोडायचा राहूनच गेला.

मग तसबिरी छापून आल्या. डोक्यामागं सोनेरी वलय, नजर शांत. महिन्याभरात त्या भिंतीभिंतीवर लागल्या. काकाच्या सभेच्या आदल्या दुपारी ती एकटीच तो जिना चढली.

"उद्या मी सभेला जाणार नाही," ती म्हणाली. "तू म्हणालास तर आत्ता, अशीच तुझ्याबरोबर निघेन. मला तू हवा आहेस."

तो उभाच राहिला. त्याच्या नजरेत काहीतरी परकं होतं.

"माझ्या आईनं उशाशी तुमची तसबीर ठेवली," तो हळूच म्हणाला. "सात महिने अंथरुणाला खिळलेली ती, परवा उठून दारापर्यंत चालली."

"औषधं चालू होती ना त्यांची?"

"होती..."

"ते वलय तू काढलंस. माझ्यासमोर. पिवळा नीट बसेना म्हणून चिडत होतास."

"हात फक्त माझा होता. आता माझ्याच्यानं तुम्हाला शिवणं व्हायचं नाही."

तिनं हात पुढं केला. त्यानं गुडघे टेकले आणि तिच्या पायांवर कपाळ ठेवलं.

"ऊठ ना रे."

"आधी आशीर्वाद द्या, आई."

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे केस इतके मऊ असतील असं तिला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर मैदानात तिनं काकाचं नाव घेतलं, न अडखळता. हजारो माना खाली झुकल्या. काका भरघोस मतांनी निवडून आला.

निकालाच्या संध्याकाळी त्यानं तिच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं.

"पुढच्या वेळी," आत बसत ती म्हणाली, "उमेदवार मी ठरवीन."

काका हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला.