लखनौचं सामान

मृणाल अगदी मेटाकुटीला आली होती. सारंगची बँकेने लखनौला बदली केली ही बातमी त्यांच्या बराकपूरपासून थेट कोलकात्यातल्या गरियाहाटपर्यंतच्या मराठी घरांत पसरली, आणि दुसऱ्या दिवसापासून पिशव्या यायला लागल्या. "चाललाच आहात तर एवढं घेऊन जा हं!" कुणाच्या नणंदेसाठी तांताची बंगाली सुती साडी, कुणाच्या भाच्यासाठी मेतकूट. नाही म्हणायची सोय नसते. परमुलखात सगळेच असे एकमेकांची सामानं वाहत जगतात. पुन्हा बेल वाजली तेव्हा बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली मृणाल आतूनच ओरडली, "लीना, कुणी काही दिलं तर घे आणि कोपऱ्यात ठेव. मला विचारू नकोस!"

सहा वर्षांच्या पोरीला असं सांगावं का, असा प्रश्न तिला पडला खरा. पण तिला दिवसभर प्रश्नच पडत असत, आणि बहुतेक सगळे वाया जात.

ऊन कललं. नदीकडून दमट वारा आला आणि जमिनीवर पसरलेले कागद सळसळू लागले. मग वास आला, ओहोटीला घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्यावर येतो तसा, गाळाचा.

"आता मोरी तुंबायचीच बाकी होती," म्हणत ती उठली.

मोरी कोरडी होती. वास कोपऱ्यातून येत होता.

पिशव्यांच्या ढिगाआड गाठोडी होती. जाड्याभरड्या कापडाची, चिंब भिजलेली. एकाला बाहेरून पितळी लोटा बांधला होता. फरशीवर पाण्याचं थारोळं साचलं होतं.

"लीना, ही कुणी दिली?"

"काकांनी."

"महाराष्ट्र मंडळातल्या?"

"नाही गं. ते मागच्या भिंतीपाशी रांगेत उभे होते ना, ते. ओले झालेले." पोरगी कुरकुरली. "तूच म्हणालीस, घे म्हणून…"

पलंगाचे स्क्रू काढणारा सारंग उठून आला आणि गाठोड्यांकडे बघतच राहिला.

"इथल्या परेडच्या मैदानावर…" तो म्हणाला, "अठराशे चोवीस साली. शिपायांना ब्रह्मदेशच्या लढाईवर निघायचा हुकूम होता, पण इंग्रज त्यांचं सामान वाहायला बैल देईनात. शिपाई अडून बसले, तर त्यांच्यावर तोफा डागल्या. कितीतरी जण नदीत उड्या टाकून बुडाले."

"सारंग, व्याख्यान आत्ता द्यायचंय का तुला?"

"अवधचे होते गं त्यातले बरेच." त्याने लोट्याला हात लावला. "लखनौकडचे."

मृणालने पुढचं ऐकलं नाही. पोरीच्या आसपास असलं काही नको, एवढंच तिला कळत होतं. दोघांनी मिळून गाठोडी खांद्यांवर घेतली. ओझ्याने पाठी वाकल्या. सारंग धापा टाकत होता. मृणाल बदलीला, बँकेला, मंडळाला आणि स्वतःच्या जिभेला शिव्या घालत होती. घाटाच्या खालच्या पायरीवरून त्यांनी एकेक गाठोडं पाण्यात लोटलं. आवाज मात्र एकाचाही आला नाही.

घरी आल्यावर कोपरा स्वच्छ होता. थारोळंही नव्हतं. पुसायचं तरी वाचलं, असं मृणालच्या मनात आलं आणि तिचं तिलाच हसू फुटलं. लीनाला अंघोळ घालायला तिने तिचा फ्रॉक काढला.

दोन्ही खांद्यांवर दोरखंडाचे वळ होते. लाल, खोल रुतलेले.

"हे… हे कशाने झालं, बाळा?"

"दुखत नाही." लीना कुजबुजली. "काका आता रडत नाहीयेत, आई. बैल मिळाले म्हणाले."

"कुठायत बैल?"

लीनाने आईकडे पाहिलं. मग दारात मान चोळत उभ्या राहिलेल्या बाबांकडे पाहिलं.

"दोन मोठे," ती म्हणाली. "आणि एक वासरू."