डिकीतली गरम पेटी

"युवी, आजोबांकडून गाडीची चाबी आण. म्हण, बॅट डिकीत राहिली आहे!"

"पण बॅट तर माझ्या पलंगाखाली आहे!"

"म्हणून तर तुला पाठवते आहे. तू झूठ बोलतोस हे कुणाला कळतच नाही!"

हे कौतुकच आहे असं समजून दहा वर्षांचा युवराज धूम पळाला. त्याला पाठवणारी थोरली बहीण अंतरा आणि शेजारची स्मृती गाडीपाशी थांबल्या. वेळ फार थोडा होता. चार वाजता दौलतसिंहकाका कायमचे घरी जाणार होते.

दौलतसिंहकाका बावीस वर्षं आजोबांची गाडी चालवत होते. पण या दिवाळीच्या सुट्टीत लागोपाठ तीन दिवस सकाळी गाडीची बॅटरी ठार! "म्हाताऱ्याला आता दिसत नाही, दिवे चालू ठेवून जातो," असं फूफाजींनी जाहीर केलं आणि आजोबांनी, म्हणजे जयसिंहरावांनी, मान डोलावून काकांना कामावरून काढलं. फूफाजी म्हणजे अंतराच्या कुमुदिनीआत्याचे यजमान, दिग्विजयसिंह. चारच दिवसांपूर्वी त्यांनी सासऱ्यांच्या गाडीत गाण्यांसाठी दणदणीत अँप्लिफायर बसवला होता. नई सडकेच्या बाजारातून वायरी आणून, स्वतःच्या हातांनी! अँप्लिफायर बसला आणि दुसऱ्याच दिवसापासून बॅटरी बसू लागली. पण तसं बोलणार कोण? या घरात जावई कधी चुकत नसे. चुकायची ती गाडी, नाहीतर ड्रायव्हर.

चाबी आली. अंतराने डिकी उघडली आणि अँप्लिफायरच्या पेटीवर हात ठेवला.

"अगं, ही तर गरम आहे! दोन तास गाडी बंद आहे ना?"

"आणि लाल दिवासुद्धा चालू!" युवराज ओरडला.

"हळू बोल, बुद्धू!" स्मृतीने त्याला दटावलं. तिची आई आयटीआयमध्ये वीजकाम शिकवायची. स्मृतीने पेटीशेजारच्या काळ्या डबीवर बोट ठेवलं. "हा रिले. स्टीरिओ लावला की या बारीक वायरीतून इशारा येतो, रिले टक् करतो आणि अँप्लिफायर चालू होतो. स्टीरिओ बंद केला की पुन्हा टक्, सगळं बंद."

अंतराने पुढे बसून चाबी फिरवली, स्टीरिओ लावला, बंद केला. तिघांनी कान टवकारले. टक् नाही की काही नाही!

स्मृतीने खिशातून स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब काढला. त्याला तिने दोन वायरी जोडल्या होत्या. एक टोक तिने गाडीच्या उघड्या बोल्टला लावलं, दुसरं रिलेच्या बारीक वायरीला. चाबी काढलेली असूनही बल्ब लख्ख पेटला!

"मतलब हिला करंट दुसरीकडूनच मिळतोय. गालिचा उचल, अंतू!"

अंतराने मागे येऊन डिकीतला गालिचा उचलला. बारीक वायर स्टीरिओकडे गेलीच नव्हती. बॅटरीतून थेट येणाऱ्या जाड लाल वायरीला ती पीळ देऊन जोडलेली होती आणि वर काळी टेप गुंडाळली होती. रिले रात्रंदिवस चालू, अँप्लिफायर रात्रंदिवस जागा! स्मृतीने बारीक वायर रिलेतून उपसली. टक्! लाल दिवा विझला.

अंतराच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. तिने वायर पुन्हा जोडली आणि सगळ्यांना हाका मारमारून बाहेर बोलावलं. दौलतसिंहकाकाही पिशवी घेऊन आले. सगळ्यांसमोर तिने वायर उपसली, जोडली, पुन्हा उपसली. टक्, टक्, टक्!

फूफाजी खो खो हसले. "अरे हो! चाबी न लावता गाणी वाजावीत म्हणून मीच जोडली होती. दिमाग से ही निकल गया!"

"शाबास!" आजोबांनी अंतराच्या पाठीवर थाप मारली. "घराण्याचं नाव काढलंत पोरांनो! कुमुदिनी, पेढे आण यांना."

"आजोबा, आणि काका?" अंतरा म्हणाली. "फूफाजी, तुम्ही त्यांची माफी मागा ना!"



"जावयाला माफी मागायला लावतेस? शोभतं का तुला?" आत्या कडाडली.

आजोबा घसा खाकरून म्हणाले, "दौलतसिंह, झालं ते झालं. मनात ठेवू नका. उद्या नेहमीप्रमाणे या."

दौलतसिंहकाकांनी आपल्या मालकांना हात जोडले. "नहीं हुकुम. बाईस साल में एक दिन बत्ती जलती नहीं छोड़ी, ये तो आप भी जानते थे. तीन दिन में एक बार पूछ तो लेते."

अंतरा फाटकापर्यंत त्यांच्या मागे धावली. "काका, मत जाइए ना! आता सगळ्यांना खरं कळलंय!"

"इसीलिए तो अब सिर उठाकर जा रहा हूँ, बिटिया," ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले.

अंतरा आत आली तेव्हा आजोबा पुण्याच्या चुलत भावाला फोनवर रंगवून सांगत होते: नातीने बल्ब कसा लावला, वायर कशी हुडकली, जावईबापू कसे दिलखुलास हसले. अंतरा दाराशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली. दौलतसिंहकाकांचं नाव त्यात एकदाही आलं नाही.