बहिरा सोनटक्का

कोंडसरच्या बाजारात त्या वैशाखातही पिकला आंबा आला नाही. कैऱ्या ढिगांनी होत्या. आढी लावून महिनाभर पेंढ्यात ठेवल्या, तरी काढताना तशाच हिरव्यागार, दगडासारख्या टणक. लोकांनी लोणची घातली, पन्हं केलं, सरकारला मनसोक्त शिव्या दिल्या आणि घरी जाऊन फुलदाणीत अम्लानचा थेंब टाकला.

अम्लान म्हणजे न कोमेजणारं. या नावाची ती इवलीशी बाटली घरोघर होती. पाण्यात एक थेंब टाकला की तोडलेलं फूल वर्षानुवर्षं टवटवीत. देवघरात निर्माल्य होईना, लग्नातले हार पोरांच्या बारशालाही चालायचे. गंमत म्हणून ठीक होतं हो, पण माणसं गमतीवर थांबतात थोडीच! गेलेल्या माणसाच्या हातचं शेवटचं फूल जो तो ठेवून घ्यायला लागला आणि मग ते फूल जिवापेक्षा जास्त झालं.

प्रमिला साळवींकडे सोनटक्का होता. एरवी सोनटक्का दुसरा दिवस बघत नाही. हा नऊ वर्षं तांब्याच्या पेल्यात ताठ उभा होता. त्यांचे यजमान दिगंबर ज्या दिवशी गेले, त्या सकाळी त्यांनीच तो परसातून आणून दिला होता.

आता दारात डॉक्टर अवनी चेंदवणकर उभी होती, हातात बंद तोंडाची जाड पिशवी घेऊन. अम्लान हिनंच शोधलं होतं आणि आता हीच दारोदार फिरून फुलं परत मागत होती.

“काकू, फूल द्या. भट्टीत जाळायला हवं.”

“अगं वा गं वा! शोधलंस तू, विकलंस तू, आणि आता चोर आम्ही?” प्रमिलाताईंनी उंबरा अडवला.

“भांडा माझ्याशी, पण ऐकून घ्या. फूल आपलं आपण सुकत नाही. त्याला निरोप मिळतो, की बाई, आता पुरे. तो निरोप एक वायू आणतो. आम्ही त्याला पिकवायू म्हणतो. तुमच्या आढीत हाच वायू कोंडतो, म्हणून एक आंबा पिकला की शेजारचाही पिकतो. अम्लान फुलाला बहिरं करतं. निरोप येतो, पण फुलाला तो ऐकूच जात नाही.”

“मग राहू दे की बहिरं! तुझं काय जातंय?”

“फूल श्वास घेतं, काकू. फेकलं तरी घेतच राहतं, जाळेपर्यंत. त्या श्वासातून अम्लान हवेत जातं आणि आसपासच्या सगळ्यांना बहिरं करतं. ती लिंबाची कुंडी बघा.”

अंगणातलं लिंबाचं झाड पांढऱ्या फुलांनी भरलेलं होतं. दोन वर्षं तीच फुलं. एक गळलं नव्हतं, म्हणून एक लिंबू धरलं नव्हतं.

“लिंबं बाजारातून आणीन. आणि आंबे गेले खड्ड्यात!” प्रमिलाताईंचा आवाज चिरकला. “माझा माणूस एकदा दिलाय मी आगीत. पुन्हा नाही देणार. जा तू!”

“आई, कोण आलंय गं?” कमरेवर हात ठेवून मृणाल बाहेर आली. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरून महिना उलटला, तरी कळांचा पत्ता नव्हता. तारीख मोजायला चुकली, असं प्रमिलाताई सगळ्यांना ठणकावून सांगत होत्या.

अवनीची नजर तिच्या पोटावर खिळली. “सोनोग्राफीत काय म्हणाले?”

“बाळ मजेत आहे म्हणाले,” मृणाल हसली. “वाढ तेवढी आठव्या महिन्यावरच थांबलीय. आळशी आहे लबाड.”

अवनी हसली नाही. ते प्रमिलाताईंनी पाहिलं.

“तू आंब्यांसाठी नाही आलेलीस.”

“नाही. बाळालाही पुरं होण्याचा निरोप लागतो, काकू. तो वायू नसतो, दुसरं रसायन असतं. पण अम्लान तोही पोचू देत नाही, असं आता दिसतंय. तालुक्याच्या दवाखान्यात अशा पुष्कळ जणी खोळंबल्यात.”

“मग सिझर करा ना!”

“फुप्फुसं कच्ची आहेत. बाहेर काढलं तर श्वास कसा घेईल?”

प्रमिलाताई आत गेल्या आणि पेला घेऊन आल्या. अवनीनं पिशवी उघडली. “ती ठेव तुझ्याजवळ. माझं मी बघते,” त्या म्हणाल्या. परसात आंघोळीचा बंब पेटलेला होता. सोनटक्का त्यांनी गालाला लावला, यजमानांचं नाव घेतलं आणि जाळात घातला. मग मात्र त्या मोठ्यानं रडल्या.

“झालं तुझ्या मनासारखं? आता येईल ना बाळ?”

“एका फुलानं हवा निवळत नाही हो. शेजारी पावसकरकाकूंकडे शेवंती आहे. त्या दार उघडत नाहीत.”

“मी मृणालला दुसरीकडे नेते.”

“कुठे? बाटली घरोघर आहे.”

प्रमिलाताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि रिकामा पेला घेऊन त्या पावसकरांच्या पायऱ्या चढल्या. वत्सलाबाईंनी दार किलकिलं केलं. मागे, ज्याचं प्रेतच किनाऱ्याला लागलं त्या बुडालेल्या मुलाच्या फोटोपुढे, पिवळीधमक शेवंती होती.

“वत्सला, माझं जाळून आले. तुझंही दे. मृणालचं बाळ अडकलंय गं.”

“तुझी लेक आहे अजून. माझा गेलाय,” वत्सलाबाई म्हणाल्या. “एकदा दिलाय मी आगीत. पुन्हा नाही देणार. जा तू!”

दार धाडकन लागलं. मघाशी प्रमिलाताई स्वतःच हे बोलल्या होत्या. त्यांनी पेला पायरीवर ठेवला आणि दाराला पाठ लावून खाली बसल्या.

“मी इथनं हलणार नाही,” त्या ओरडल्या. “तू काही बहिरी नाहीस, वत्सला. ऐकतेयस तू सगळं!”

दाराच्या पलीकडून, अगदी पाठीशी, हुंदका ऐकू आला. पण कडी निघाली नाही.