पसरलेला हात

केशव सेलूकर चारुता खिस्तीच्या ऑफिसात आला, पण खुर्चीवर काही बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "माझं चित्र कुणीतरी काळं केलंय. सोमवारी ते मुंबईला जाणार होतं."

चारुताकडं यायच्या त्या लग्नाआधीच्या चौकशा. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं होतं का. चित्राचं प्रकरण पहिलंच. तिचा मदतनीस बन्सी गंगापूरकडचा, पोलिसातून निवृत्त झालेला. गाडी झकास चालवायचा, डोकं मात्र सावकाश.

"काळं झालं तर दुसरं काढा की," बन्सी म्हणाला.

केशवनं त्याच्याकडं असं काही बघितलं की बन्सीनं घाईनं वही उघडली. वाळूजच्या एका कारखान्यात या माणसानं अर्धं आयुष्य यंत्रांचे आराखडे काढले होते. मग नोकरी सोडली आणि माणसं रंगवायला बसला. दुष्काळात असली थेरं सुचतात कशी, म्हणून नातेवाईक हसले. आता कुठं या एका चित्राला मुंबईच्या प्रदर्शनात जागा मिळाली होती. ते तिथं लागलं असतं तर आपण वेडे नव्हतो, एवढं तरी त्याला म्हणता आलं असतं.

"संशय कुणावर?" चारुतानं विचारलं.

"सुगंधाबाई. चित्रासाठी तीच बसायची. साफसफाईही तीच करते, खोलीची किल्ली कुठं असते ते तिला ठाऊक. रंगाचा डबा सापडेल म्हणून सगळ्या बिल्डिंगसमोर तिचं गाठोडं उपसलं मी आणि तिला हाकलून दिलं."

"काय सापडलं गाठोड्यात?"

"काही नाही."

"छान केलंत," चारुता म्हणाली. ते कौतुक नव्हतं.

बीड बायपासच्या त्या नव्या बिल्डिंगखाली टँकरभोवती भांडण चाललं होतं. वर केशवच्या खोलीत ते चित्र भिंतीला टेकवलेलं. वरच्या कडेतून एक बाई कमरेपासून खाली झेपावलेली, डोकं खाली, एक हात त्याहून खाली. भोवती नुसता मातकट रंग.

"बाई पडायली का?" बन्सीनं विचारलं.

"झिऱ्यात ओणवी झालीय. नदी उकरून वाटीनं पाणी भरतेय," केशव म्हणाला.

वाटी आता दिसत नव्हती. खिडकीच्या ग्रिलचा काळा रंग फासून हात आणि वाटी बुजवली होती. चेहऱ्याला धक्काही नव्हता. रंगाचे ओघळ हातावरून वर, कमरेकडं गेले होते.

बाकीची चित्रं डोकी खाली करून ठेवलेली. बन्सी एक सरळ करायला गेला.

"राहू द्या. मी उलटंच रंगवतो. सुलटं दिसलं की हाताची फूटपट्टी होते, नाक-डोळे यंत्रासारखे उतरतात. पॅक होईपर्यंत सगळी उलटीच असतात. हेही होतं. सकाळी काळं दिसलं, तेव्हा मीच सुलटं केलं."

कारखान्यातला जुना सोबती शिवशंकर आदल्या संध्याकाळी घरी येऊन गेला होता. तोही चित्रं काढायचा. मुंबईनं त्याला नाकारलं होतं.

"मोबाइलवर दाखवली मला त्यानं ती झिऱ्यातली बाई," शिवशंकर म्हणाला. "जळलो मी, खोटं कशाला बोलू? पण मला वाटोळंच करायचं असतं तर तोंड पुसलं असतं. तुम्ही सांगताय तसा हात कशाला पुसू?"

सुगंधाबाई शेजारच्या बांधकामावर घमेली वाहत होती. कन्नडकडची धनगर. चारा संपला, मेंढरं विकली आणि बिऱ्हाड शहरात आलं.

"बाईसाहेबांची जुनी हिरवी साडी नेसायला दिली सायबांनी," ती म्हणाली. "टेबलावर पालथं पडून हात खाली सोडायचा. लई डोकं भणभणायचं. किल्ली व्हय? ती बाहेरच्या खोलीत खिळ्यालाच असती. कुणीबी घ्यावी."

केशवची बायको अंबिका शिकवणीच्या वह्या तपासत बसली होती.

"मी त्या खोलीत पाय ठेवत नाही. ह्यांनी राजीनामा दिला त्याच दिवशी सांगितलं होतं."

"चित्र पाहिलंत?"

"नाही, आणि फोटोही नाही. बघायचंय काय त्यात? शिकवण्या घेऊन घर ओढलं मी, कुणाच्या दारात गेले नाही. आणि हे मुंबईत आभाळाकडं हात पसरलेली बाई टांगणार."

"खरंय वहिनी," बन्सी कळवळून म्हणाला.

चारुतानं केशवला हाक मारून आत बोलावलं.

"चित्रातली बाई आभाळाकडं हात पसरत नाही. जमिनीतून पाणी काढते. सुगंधाबाई स्वतः तशी पालथी पडली होती, शिवशंकरनं फोटो सुलटा पाहिला. दोघांच्या लेखी हात खालीच जातो. आभाळ फक्त त्यालाच दिसेल, ज्यानं चित्र तुमच्या खोलीत, उलटं असताना पाहिलं. ओघळ वर गेलेत, म्हणजे रंग फासला तेव्हाही ते उलटंच होतं. मत्सर असता तर चेहरा गेला असता. इथं ज्याची लाज वाटली, तेवढंच पुसलंय. भीक मागणारा हात. आणि अंबिकाताई, तिच्या अंगावर तुमची हिरवी साडी होती."

अंबिकानं वही मिटली.

"हो, मीच," ती केशवला म्हणाली. "एकदा बघावं म्हणून गेले होते. वाटलं, माझीच भिकारीण केलीत तुम्ही."

केशवनं मोबाइलमधला आधीचा सुलटा फोटो उघडून तिच्यापुढं धरला. तिनं बोटांनी वाटी मोठी करून पाहिली. मग तिला रडू फुटलं.

"मला एकदा दाखवायचं होतंत ना, हे असं."

"तूच म्हणालीस पाय ठेवणार नाही."

"मी म्हणाले. तुम्ही कधी ये म्हणालात?"

केशव मोबाइल घेऊन खिडकीशी गेला. मुंबईवाल्यांना त्यानं फोन केला. हात नव्यानं रंगवून चित्र सोमवारऐवजी आठवडाभरानं दिलं तर चालेल, असं ते म्हणाले. केशव चपला अडकवून थेट बांधकामावर गेला. मागून चारुता आणि बन्सी.

"सुगंधाबाई, चुकलं माझं. फक्त हात रंगवायचाय. दोनदा बसलात तरी पुरे."

ती थांबली नाही. घमेलं डोक्यावर घेऊनच बोलली.

"माझ्या पोरांसमोर गाठोडं उपसलंत, सायेब. लुगडी, चोळ्या, समदं रस्त्यावर. पोरगं इचारतंय, आई तू काय चोरलं. आता त्या घरात मी पालथी पडू व्हय?"

"माफी मागतो मी."

"मागा की. पण हात दुसऱ्या बाईचा बघा."

आणि ती फळीवरून वरच्या मजल्याकडं चढून गेली.