पाठीतलं मांजर

दिवेलागणीला दीपमाला रोहण्याच्या फाट्यावर उतरली. काम साधंच होतं. बहिणीच्या दीड वर्षाच्या आचलला सकाळच्या एसटीनं वर्ध्याला न्यायचं आणि तिचं काळीज मशीनवर तपासून आणायचं.

बहीण सुलोचना गेल्या वर्षी गेली. तिच्या काळजाला जन्मापासून भोक होतं, आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणी दीपमाला तिच्या पाठीला कान लावून झोपायची. आत मांजर घुरघुरायचं. बाळंतपणानंतर सुलोचनाचे ओठ निळे पडले, जिना चढवेना, आणि मांजर मात्र हळूहळू गप्प होत गेलं. घरच्यांना वाटलं, पोरगी सुधरून राह्यली. डॉक्टर म्हणाले, आवाज गेला म्हणजेच दुखणं फुप्फुसांवर चढलं. उशीर झाला.

"आचल मायच्याच गोधडीवर झोपते," सुलोचनाची सासू पंचफुलाबाई म्हणाली. "दुसरीकडं टाकली का रडते."

लाईट गेलेली. कंदिलाची काजळी, रॉकेलचा वास, आणि आपलीच सावली हलली तरी दचकणारी दीपमाला. तिनं वाकून झोपलेल्या पोरीच्या पाठीशी कान नेला.

घुर्र... घुर्र...

"मावशी," ती कुजबुजली. "हिलेबी आहे..."

"उचलून पाह्य तिले."

तिनं आचलला छातीशी धरलं. इवल्या पाठीत स्वच्छ धडधड, दुसरं काही नाही. घुरघुर खालीच राहिली होती, रिकाम्या गोधडीत. तिनं तळवा टेकवला. गोधडी कोमट होती...

"रोज येते," म्हातारी हळूच म्हणाली. "लेकराले झोपवते अन् जाते. तू काऊन भेऊन राह्यली? तुईच बहीण व्हय ना."

दीपमालानं गोधडीवरून हात झटकन मागं घेतला. तरी ती बोलली, "ताई, नको काळजी करू. हिले मी पाहीन."

घुरघुर थांबली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, पोरीचं काळीज ठणठणीत आहे. परतीच्या एसटीत दीपमालाला एकच धास्ती होती, गोधडी तर घरी राहिली. पण आचल तिच्या बरगडीला कान लावून, मुकाट झोपी गेली.

पोरीचं डोकं सावरायला दीपमालानं हात सरकवला, आणि तो तिथंच थबकला.

तळव्याखाली, तिच्याच बरगड्यांत, मांजर घुरघुरत होतं.

काल संध्याकाळपासूनचं, की जन्मापासूनचं... आचल झोपेत हसली. खिडकीबाहेर वर्धा मागं मागं पडत चाललं होतं.