जांभळ्या डागाचं कोकरू

“आग तूच लावलीस, बिऱ्या! कबूल कर आन् मोकळा हो!”

कुसळवाडीच्या पारावरून गुंडप्पा ओरडला, आणि खाली गर्दीत उभ्या असलेल्या शिवकन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिऱ्या म्हणे! याच गुंडप्पाला उन्हाळ्याच्या तोंडाला आपल्या रानात खतासाठी मेंढ्या बसवून हव्या होत्या. तेव्हा तो घरी येऊन “बिराप्पाअण्णा, आधी आमच्याकडं या बरं का!” असं म्हणत दोनदा चहा पिऊन गेला होता. मेंढ्यांच्या लेंड्या गोड, आणि मेंढ्या राखणारा माणूस तेवढा कडू!

शिवकन्याचे आबा, म्हणजे बिराप्पा, पारापुढं हात जोडून उभे होते. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली होती. चार दिवसांपूर्वी गावामागचा माळ पेटला, तेव्हा याच हातांनी लिंबाच्या डहाळ्या घेऊन त्यांनी आग झोडपली होती. आता पारावर पाय पसरून बसलेल्यांपैकी एकही जण तेव्हा तिकडं फिरकला नव्हता!

“म्या कशाला आग लावीन, सरपंच?” आबा म्हणाले. “माझी मेंढरं त्याच गवतावर जगत्यात.”

“जुनं गवत जाळलं की पावसात नवं जोमानं येतं, असं तुमा लोकांचं म्हणणं असतंय. समद्या गावाला ठावं हाय,” सरपंच शिवलिंगप्पा म्हणाले. “घरात सुरजचं लगीन हाय, म्हणून म्या जास्त बोलत न्हाय. उद्या हळद हाय. परवा सकाळी मेंढरं शिवेबाहेर गेली पाहिजेत. ठरलं!”

त्यांचा धाकटा भाऊ सुरज, म्हणजे खुद्द नवरदेव, मागं मोबाइल चाळत बसला होता. त्यानं मान वरसुद्धा केली नाही.

“नवं गवत पावसात येईल! तवर मेंढरं काय दगड खातील?” शिवकन्या ओरडली. “एवढं तरी डोकं चालवा की!”

“ए पोरी! मोठ्यांत बोलायचं न्हाय!” गुंडप्पा खेकसला.

आबा मान खाली घालून घराकडं निघाले. शिवकन्याला सगळ्यांत जास्त राग आला तो त्या खाली गेलेल्या मानेचा. मेंढ्या गावाबाहेर गेल्या की त्यांच्यामागं आबा जाणार, आई जाणार, कर्नाटकाच्या बाजूला माळामाळानं फिरणार. मग ती एकटी कुणाकडं राहणार? जूनमध्ये तिचा सातवीचा वर्ग भरेल, तेव्हा ती कुठल्या माळावर असेल कुणास ठाऊक!

“चोर सोडून संन्याशाला फाशी!” सोनाली तिच्यामागं धावत आली. सोनाली शेजारची, तिच्याच वर्गातली, आणि गप्प बसणं हा विषय तिला शाळेत कुणी शिकवलाच नव्हता. तिच्याबरोबर कृष्णराजही होता. तो परांड्याहून दर सुट्टीला आजोळी यायचा, आणि त्याचं आजोळ म्हणजे सरपंचांचंच घर.

“थोरला मामा चुकतोय,” तो पडेल आवाजात म्हणाला.

“मग त्याला जाऊन सांग की! माझ्या कानात काय सांगतोस?” शिवकन्या फणकारली.

तिघं मेंढ्यांच्या वाघरीपाशी आले. वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायचं जाळीचं कुंपण. आत एक इवलंसं कोकरू आईला लुचत होतं. त्याचं अर्धं तोंड काळं होतं, बाकी सगळं अंग पांढरं, आणि कुशीवर भला मोठा जांभळा डाग.

“हे काय? तुमचं कोकरू रंगपंचमी खेळलं व्हय?” कृष्णराजनं विचारलं.

“तुला चेष्टा सुचतीया व्हय रे!” असं म्हणता म्हणता शिवकन्या थबकली. चार दिवस रडण्यात आणि चिडण्यात गेले होते. तो डाग तिनं पाहिला होता, पण त्याचा विचार केला नव्हता. “आमी मेंढरांवर खूण करतो ती तांबड्या गेरूची. हा जांभळा आला कुठनं?”

“जन्मापास्नं असंल,” सोनाली म्हणाली.

“न्हाय! हे आग लागली त्याच दिवशी सकाळी माळावर जन्मलं. तवा म्या तिथंच होते. निम्मं तोंड काळं, बाकी समदं पांढरं, दुसरा रंग न्हवता. मग आबांनी याला नि याच्या आईला आपट्याच्या सावलीत ठेवलं आन् बाकीची मेंढरं तळ्यावर पाण्याला नेली. तेवढ्यात माळ पेटला. धुरात शिरून या दोघांना आबांनीच बाहेर काढलं.”

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. मधल्या वेळात आपट्याखाली कुणीतरी येऊन गेलं होतं!

“चला माळावर!” तिघं एकदमच ओरडले.

माळ काळाठिक्कर पडला होता. पाय पडेल तिथं राख उडत होती. शिवकन्या दात-ओठ खात पुढं चालली होती. आपट्याजवळ येताच सोनालीनं बोट दाखवलं. आपट्याच्या पश्चिमेला गवत अजून पिवळंच उभं होतं, आणि पूर्वेला थेट तळ्यापर्यंत सगळी राख!

“त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता,” ती म्हणाली. “म्हंजे आग निघाली ती इथनंच. आन् शिवे, तुझे आबा तर पार तिकडं तळ्यावर होते!”

“हे बघा, हे बघा!” कृष्णराज एका दगडापाशी उकिडवा बसला होता. दगडावर तसाच जांभळा पट्टा होता, आणि शेजारी पुठ्ठ्याची एक अर्धवट जळलेली नळी. “ही धुराची नळी हाय! पेटवली की रंगीत धूर सुटतो. आमच्या आत्यानं लग्नाआधी फोटो काढले, तवा असल्याच नळ्या आणल्या होत्या...”

तो बोलता बोलता थांबला. या महिन्यात कुसळवाडीत लग्न एकच होतं.

“सुरजमामा,” तो हळूच म्हणाला.

“मग आता तू घरी जा,” शिवकन्या म्हणाली. “तुझा मामा हाय त्यो. आमचं आमी बघू.”

“मामा असला म्हणून काय झालं?” आता कृष्णराजही भडकला. “काल माझ्याच ताटाशेजारी बसून त्यानं पुरणपोळी हादडली! बिराप्पाकाकांचे हात भाजलेले ठाऊक असून! म्या कुठं न्हाय जाणार!”

“नळी थेट सरपंचांना दाखवू या,” सोनाली म्हणाली.

“दाखवा की! नळी खिशात घालतील आन् म्हणतील, कुठली नळी?” शिवकन्यानं मान हलवली. “समद्या गावाला एकदम दिसलं पाहिजे. आन् दाखवायचं ते नवरदेवानंच!”

दुसऱ्या दिवशी, म्हणजे हळदीच्या दुपारी, सरपंचांच्या अंगणात मांडव उभा राहत होता. सुरज काळा चष्मा लावून खुर्चीत बसला होता. त्याच्या पाठीमागं हळदीच्या गाण्यांसाठी मोठा पडदा लावायचं काम चाललं होतं.

“मामा, तुझा लग्नाआधीचा व्हिडिओ या पडद्यावर लाव की!” कृष्णराज म्हणाला.

“नको, नको! सोलापूरला हॉलमध्ये लावणार हाय. गावात कशाला?” सुरज जरा जास्तच घाईनं म्हणाला.

“राहू दे रे,” सोनालीनं नाक मुरडलं. “साधाच असंल. माझ्या मावशीच्या गावातल्या नवरदेवाचा काय होता! उंटावर बसला होता उंटावर!”

“उंट?” सुरजनं चष्मा काढला. “माझ्यात रंगीत धूर हाय, धूर! तसला व्हिडिओ साऱ्या तालुक्यात कुणाचा न्हाय!”

“खरंच, मामा?” कृष्णराज डोळे विस्फारून म्हणाला. “एखाद्या हिरोवानी दिसत असशील!”

झालं! मामा हरभऱ्याच्या झाडावर चढले ते चढलेच. त्या धुरात डोंगर कुठला नि माळ कुठला हे कुणाला कळतंय, असा विचार त्यानं केला असावा. जो माणूस स्वतःशिवाय काही बघत नाही, त्याला वाटतं बाकीच्यांनाही दुसरं काही दिसत नाही!

संध्याकाळी हळदीला सारं गाव लोटलं. नाचगाणं झालं आणि पडदा उजळला. भर मे महिन्यात कोट घालून सुरज माळावरून रमतगमत चालत होता. मग नवरी दिसली. तिच्या मांडीवर एक कोकरू!

“अगं बया, किती गोड!” बायका म्हणाल्या.

मग सुरजच्या हातातल्या नळीतून जांभळा धूर उसळला. तो दोघांवर पसरला, कोकरावर पसरला. धूर संपता संपता सुरजनं धुमसती नळी ऐटीत खांद्यावरून मागं फेकली. मागं आपटा होता, आणि आपट्याभोवती कमरेएवढं वाळलेलं गवत!

“थांबवा! तिथंच थांबवा!” पडदेवाल्याशेजारी टपून बसलेला कृष्णराज ओरडला. चित्र जागच्या जागी थांबलं.

“आरं, हा तर आपलाच माळ!” कुणीतरी म्हणालं.

“ते... ते मागल्या महिन्यातलं हाय!” सुरजला घाम फुटला. “आगीचा नि आमचा काय संबंध?”

तेवढ्यात शिवकन्या कोकरू घेऊन पडद्यासमोर येऊन उभी राहिली.

“मागल्या महिन्यातलं? मग बघा समद्यांनी! अर्धं तोंड काळं, कुशीवर जांभळा डाग. तेच कोकरू हाय का न्हाय? मागल्या महिन्यात नवरीच्या मांडीवर होतं, तर आज एवढंसंच कसं राहिलं? याची नाळसुदिक अजून गळून पडली न्हाय!”

हळदीनं माखलेल्या हातांनीच गजराबाई उठल्या. त्या सरपंचांच्या नि सुरजच्या आई, आणि कृष्णराजची आज्जी. त्यांनी कोकरू उचलून पाहिलं, मग पडद्याकडं पाहिलं.

“पोरगी खरं बोलतीया. इथं नाळ वाळलीया, आन् तिथं पडद्यावर ओली लोंबतीया. हे जन्मलं त्याच दिवशीचं हाय! शेरडं राखण्यात माझा जन्म गेला, मला कुणी शिकवू नका.” त्या सुरजकडं वळल्या. “मागं आग लागल्याली तुला दिसली न्हाय?”

सुरज जमिनीकडं बघत राहिला. “दिसली... गाडीत बसताना. वाटलं, इझंल आपोआप.”

“आपोआप इझली न्हाय!” शिवकन्या कडाडली. “माझ्या आबांचे हात जळले, तवा इझली! आन् काल त्यांना आगलाव्या म्हणत होते, तवा तुमी तिथंच बसला होता! एक शबुद बोलला न्हाय!”

गुंडप्पा गर्दीतून मागच्या मागं सटकायला बघत होता, पण बायकांनी वाट दिली नाही. सरपंचांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांचा चेहरा उतरला होता.

“पोरांनो, शाब्बास तुमची,” ते म्हणाले. “आमा मोठ्यांना दिसलं न्हाय ते तुमी शोधलं. पंधरा ऑगस्टला तुमचा तिघांचा सत्कार करू.”

टाळ्या वाजल्या. शिवकन्यानं मात्र मान हलवली.

“सत्कार नको. पारावरनं आमच्या आबांना बोल लावला ना? मग माफीबी पारावरच मागायची, समद्या गावासमोर. आन् पाऊस पडंस्तवर मेंढरं काय खातील, ते गावानं बघायचं.”

“बघायचं म्हंजे काय? बघायलाच पायजे!” गजराबाई सगळ्यांच्या आधी म्हणाल्या. “पोरगी असावी तर अशी!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्या शिवेबाहेर गेल्या नाहीत. आबा पारावर बसले, आणि सरपंचांनी खाली उभं राहून हात जोडले. गुंडप्पालाही जोडावे लागले. मग घरोघरच्या बुचाडातून, रचून ठेवलेल्या गंजीतून, कडबा निघाला. पहिली पेंढी डोक्यावर घेऊन वाघरीकडं निघाला तो खुद्द नवरदेव. अंगावरची हळद घामानं ओघळत होती, आणि वऱ्हाडाची गाडी खोळंबली होती. गजराबाईंनी बजावलंच होतं, आधी कडबा, मग बोहलं!

आबांनी फडकं गुंडाळलेला हात लेकीच्या डोक्यावर ठेवला. “बास कर, पोरी. झालं ते झालं. आता राग सोड.”

शिवकन्यानं काळ्या पडलेल्या माळाकडं पाहिलं.

“तिथं गवत उगवू द्या, आबा. मग बघू,” ती म्हणाली, आणि वळून तिनं मोठ्यानं हाक मारली, “ओ सुरजदादा, आणखी लई पेंढ्या राहिल्यात! चला बिगीबिगी!”