लोहबंदीतली कढई

आरोग्यकेंद्राला सोळा पायऱ्या होत्या आणि दर चार पायऱ्यांनंतर बसायला एक बाक होता. बांधणाऱ्यानं बरोबर ओळखलं होतं. चौथ्या पायरीला माणसाला धाप लागायचीच. शेवंती तिसऱ्या बाकावर टेकली, हातातली जड पिशवी मांडीवर घेतली आणि श्वास खाली बसायची वाट बघत राहिली. शेजारी एक बाई आधीपासून बसली होती. बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत. बोलायला दम लागतो, आणि तो वर डॉक्टरांसाठी राखून ठेवावा लागतो.

शेवंतीची नात मैना मात्र सोळाही पायऱ्या चढून गेली होती, परत खाली आली होती आणि आता पुन्हा वर निघाली होती.

"पोरीला ताप आहे का गो?" त्या बाईनं शेवटी विचारलं. "गाल बघ केवढे लाल."

"उन्हातून आलोय आम्ही," शेवंती म्हणाली.

कातळवाडीची माती तांबडीलाल, नुसती लोखंडानं भरलेली. माणसं मात्र पांढरीफटक. लोहबंदीला साठ वर्षं झाली होती. गूळ बंद, अळीव बंद, लोखंडी तवे-कढया सरकारनं घरोघरी फिरून उचलून नेलेल्या. रेशनवर चहा फुकट मिळायचा आणि तो जेवणाबरोबर कोराच प्यायचा, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. पाच वर्षांपुढच्या प्रत्येकाचं बोट दर महिन्याला टोचलं जायचं, आणि रक्ताचा आकडा आठाच्या वर गेलेला चालत नसे. शाळा दीड तास भरायची. लग्नाच्या वराती केव्हाच बंद झाल्या होत्या, कुणी बंद केल्या नव्हत्या तरी.

डॉक्टर हमीद मुकादम तीस वर्षं याच केंद्रात होते. मैनाला पाहून ते खुर्चीत सरळ झाले. तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, मग बोट टोचलं. यंत्रावर साडेबारा आले. त्यांनी दुसरं बोट टोचलं. पुन्हा साडेबारा.

"असा आकडा मी फक्त पुस्तकात पाहिलाय," ते म्हणाले. "शेवंतीताई, काय केलंत हे?"

शेवंतीनं पिशवीतून काळी लोखंडी कढई काढून टेबलावर ठेवली.

"सासूबाईंनी कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरून ठेवली होती. हिच्यात कोकम घालून कुळथाचं सार उकळते. आंबटानं लोखंड उतरतं, असं त्या सांगायच्या. हिला एकटीला देते. चार वर्षं ताकास तूर लागू दिली नाही कुणाला." ती थांबली, दम घेतला. "माझी पर्णा, हिची आई, बाळंतपणात गेली, तेव्हा तुम्हीच होता. म्हणालात, रक्त फार नाही गेलं, पण मुळात होतंच कुठे. त्याच दिवशी मी ठरवलं, हिला असं पांढरं करायचं नाही. आता सात महिन्यांनी हिची पहिली टोचणी. तुमच्या हातानं आठ लिहा, एवढंच मागायला आले."

"लोखंड का नाही खायचं?" मैनानं मध्येच विचारलं.

"दमवू नको गो डॉक्टरांना," शेवंती म्हणाली. दिवसातून शंभरदा तिला हे म्हणावं लागायचं.

"विचारू दे." डॉक्टरांनी डोळे चोळले. "हे बघ, जंतूंनाही वाढायला लोह लागतं. म्हणून ताप आला की आपलं शरीर रक्तातलं लोह आत, यकृतात दडवून ठेवतं. जंतूची उपासमार करतं. साठ वर्षांपूर्वी एक जंतू आला, लोहभुका. कुठल्याच औषधाला दाद देईना. माणसं पटापट मेली. मग शास्त्रज्ञांनी शरीराचीच युक्ती उचलली. सगळ्यांच्याच रक्तात लोह इतकं कमी ठेवायचं, की तो उठूच शकणार नाही."

"म्हणजे चोर येईल म्हणून घरात धान्यच ठेवायचं नाही," शेवंती म्हणाली.

"तसंच."

"आता कुठाय तो?" मैना.

"आपल्या सगळ्यांच्या अंगात झोपलाय."

"तुम्ही बघितलाय?"

"नाही."

"मग कुणी बघितलाय?"

डॉक्टरांनी आठवून पाहिलं. त्यांच्या सरांनीही तो जंतू पाहिला नव्हता. सरांच्या सरांनी पाहिला असेल कदाचित. ते कढईकडे बघत राहिले.

"ताई, रक्त एवढं असताना तो जंतू अंगात असता, तर ही पोर दहा दिवस जगली नसती. ही पायऱ्यांवर पळतेय. म्हणजे तो संपला असणार. केव्हा संपला, कोण जाणे. वीस वर्षं झाली असतील, चाळीस झाली असतील."

शेवंतीला पर्णाचा हात आठवला. शेवटी तो केळीच्या गाभ्यासारखा गार आणि पांढरा पडला होता.

"आणि इतक्या वर्षांत कुणी बघितलंसुद्धा नाही?" तिला राग आला होता, पण रागालाही जोर लागतो.

"बाळाच्या मेंदूला पहिली दोन वर्षं लोह लागतं. नाही मिळालं तरी मूल वाढतं, लिहायला-वाचायला शिकतं. फक्त त्याची चौकस बुद्धी मंदावते. आपण अशा तीन पिढ्या वाढवल्या. तीस वर्षांत हा साधा प्रश्न मला पडला नाही, ताई, आणि मी डॉक्टर आहे." त्यांनी मैनाकडे पाहिलं. "ही कढईतलं खाऊन वाढली, म्हणून हिला पडला."

"मग कळवा वर."

"चाळीस पानांचा अर्ज आहे. मग पुण्याला जायचं, हिला वर्षभर तिथं ठेवायचं, मोठ्या लोकांशी भांडायचं." भांडायचं म्हणताना त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "लिहितो. गणपती झाले की बसतोच. नाहीच जमलं तर दुसरा मार्ग आहे. कढई बंद करा आणि दोन्ही जेवणांबरोबर कोरा चहा द्या. सात महिन्यांत आकडा आठावर येईल."

"तो मार्ग नको," शेवंती म्हणाली. "मी येते पुण्याला."

गणपती झाले. शेवंती पुन्हा सोळा पायऱ्या चढली. अर्जाचं पहिलं पान भरलं होतं. पंधरा दिवसांनी गेली, तेव्हा दीड झालं होतं. तिसऱ्या खेपेला डॉक्टर अर्जावर डोकं ठेवून झोपले होते, भर सकाळी, आणि बाहेर रांग होती. शेवंतीनं त्यांना उठवलं नाही. मैनाचा हात धरून ती पायऱ्या उतरली.

परत येताना मैनाच्या तोंडाचा पट्टा चालू होता. माती लाल का, खेकडा तिरका का, आई कुठे आहे, तिचं रक्त कमी होतं तर तुझं का नाही दिलंस. एकेका उत्तराला शेवंतीला थांबून श्वास घ्यावा लागत होता. नात जिवापाड आवडायची, आणि तिनं पाच मिनिटं गप्प बसावं असंही फार वाटायचं. त्या दुपारी तिनं सार मातीच्या भांड्यात केलं आणि मैनाच्या ताटाशेजारी चहाचा पेला ठेवला.

"हा कशाला, आजी?"

"पी," शेवंती म्हणाली.

कढई तिनं पुन्हा खुराड्याखाली पुरली. खड्डा खणायला तिला दोन दिवस लागले.

पाचव्या वाढदिवसाला मैनाचं बोट टोचलं. सव्वाआठ. डॉक्टरांनी आठ लिहिलं, मान वर केली नाही. टेबलाच्या कोपऱ्यात अर्जाचा गठ्ठा तसाच होता, त्यावर औषधांची खोकी रचलेली होती.

उतरताना दुसऱ्या बाकाशी मैना थांबली आणि न सांगताच बसली. शेवंती शेजारी टेकली. किती वर्षांनी कुणीतरी तिच्या चालीनं चाललं होतं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली, पण थोडीच.

मैनानं डोकं तिच्या दंडाला टेकवलं.

"आजी, एक विचारायचं होतं."

"विचार."

मैना थोडा वेळ खालच्या पायऱ्यांकडे बघत राहिली.

"जाऊ दे," ती म्हणाली.